ग्वानोत चुना

अँब्रोज थर्लबीच्या फडताळावर चांदीचे चार चषक होते. चारही सलगमच्या पिकासाठी शेतकी मंडळाने दिलेले. त्यांच्या शेजारी पाचव्यापुरती जागा मोकळी होती, कारण गेल्या वर्षीचा चषक कुंपणापलीकडच्या केलेब पिंडरच्या घरी गेला होता.

जहाजाने येणारे समुद्रपक्ष्यांचे खत, ग्वानो, इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या गावात पहिल्यांदा आणले ते अँब्रोजने. तेव्हा केलेब नाक दाबून हसला होता. आता तोच ग्वानो वापरायचा आणि शिवाय जमिनीला चुनाही द्यायचा. येणारेजाणारे त्याच्या बांधाशी थांबून माना डोलवत. खिडकीतून ते दिसले की अँब्रोजला घास गोड लागत नसे.

यंदा चषक परत आणायचाच, म्हणून पेरणीच्या तोंडावर त्याने खळ्यात ग्वानो आणि चुना एकत्र कालवायला घेतला.

"अरे अँब्रोज, एकत्र नको करूस!" केलेब कुंपणावरून ओरडला. "चुना मी हिवाळ्याआधी टाकतो, ग्वानो पेरताना. मध्ये चांगले काही महिने जाऊ देतो."

"का रे? चषक हातचा जाईल म्हणून पोटात दुखतंय होय?"

"बरं बाबा. शेत तुझं, नाकही तुझं," म्हणत केलेब निघून गेला.

ढिगातून नवसागरासारखा झोंबरा वास उठला. बायको हेस्टर डोळे पुसत बाहेर आली.

"अहो, हे काय चाललंय? लोण्याला वास लागेल!"

"जोर आहे तो खताचा, जोर!"

"मग तो हवेत कशाला सोडताय? सलगमला काय उरणार?"

"केलेबने पढवून पाठवलं वाटतं तुला?"

"मला कशाला कोण पढवायला हवं? नाक आहे की मला!"

अँब्रोजचे फावडे क्षणभर थांबले. केलेब खरे बोलत असेल तर? पण खरे असते तर त्याने सांगितले कशाला असते? आपण तर मेलो तरी सांगितले नसते. त्याने पुन्हा कालवायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात मंडळाचे परीक्षक तराजू घेऊन आले. केलेबच्या शेतात एकरी एकवीस टन सलगम भरले. अँब्रोजच्या शेतात तेरा. कालवलेले खत पुरले नाही म्हणून एका कोपऱ्यात नुसता ग्वानो पडला होता. हेस्टरने हट्ट धरला, तेव्हा परीक्षकांनी तिथले सलगम वेगळे तोलले. एकरी बावीस टन.