धुलाईखान्याच्या मतांचा डबा

हसू नका, मी साबणाच्या पावडरीचा रिकामा डबा बोलतोय! पावडर संपली तेव्हा मेकॅनिकने छिन्नीने माझ्या झाकणाला फट पाडली आणि मी या धुलाईखान्याची मतपेटी झालो. वर्षभर बादल्यांमागे धूळ खात पडतो. निवडणूक आली की मला पुसून टेबलावर ठेवतात, आणि मग माझा तोरा काय विचारता!

आमची पद्धत सरळ. चाळीस कामगार, प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर उमेदवारांची चित्रं, त्यांतल्या एकावर फुली. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो कामगारांचा प्रमुख. चादरी धुणाऱ्या मावशीला अक्षरओळख नाही, पण चित्र बघून तीसुद्धा ठसठशीत फुली मारते. दहा मिनिटांत मोजणी, भांडण नाही, तंटा नाही. मला याचा फार अभिमान होता.

यंदा तिघं उभे राहिले. मुकादमाला पाळणाघराच्या खोलीचं गोदाम करायचं होतं. दोघी जावांना ती खोली वाचवायची होती. पण घरच्या शिलाई मशीनवरून त्यांचा चार वर्षं अबोला, म्हणून दोघी वेगवेगळ्या उभ्या! इकडे इस्त्रीवालीचा जीव टांगणीला लागलेला. पदरात आठ महिन्यांची लेक, घरी सांभाळायला कोणी नाही. खोली गेली की तिचं कामही गेलं.

नवीन माणसांना सवय व्हावी म्हणून आमच्याकडे आदल्या दिवशी सरावाचं मतदान होतं. ते झालं. मुकादम पंधरा, थोरली जाऊ तेरा, धाकटी बारा. म्हणजे पंचवीस जणांना पाळणाघर हवं, आणि निवडून येणार मुकादम! माझ्याच पोटातून निघालेला आकडा ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्रीवाली तर लेकीला छातीशी धरून रडायलाच लागली.

थोरली तडक धाकटीसमोर जाऊन उभी राहिली.

"मी नाव मागे घेते. तू राहा उभी."

"अहो जाऊबाई, मतं तुमची जास्त आहेत. मीच घेते की मागे!"

"नको. तुझं तोंड चांगलं चालतं, साहेबांपुढे तेच लागतं. अबोल्याआधी ऐकलंय ना मी!"

धाकटी आधी हसली, मग डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी खरं मतदान. थोरलीच्या चार मैत्रिणींनी रुसून मुकादमाला मत दिलं, कप्पाळ माझं! शेवटची चिठ्ठी उलगडली. मुकादम एकोणीस. धाकटी एकवीस.

हुश्श! इस्त्रीवाली लेकीचे पटापटा मुके घेत सुटली. मुकादमानेही मुकाट्याने निकालावर सही केली. तेवढं मात्र माझ्यामुळे झालं, हं.

पण बायांनो, हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. मला फक्त मोजता येतं. कोणाला काय हवंय, ते मला कळत नाही. ते एकमेकींना विचारा, आणि चिठ्ठी माझ्या पोटात टाकायच्या आधी विचारा.