ध्रुपद धरणारं प्रथिन

आमच्या कोल्हारच्या बन्सीबुवांना कीर्तनात वाट चुकायची जुनी सवय. दृष्टांतात शिरले की मूळ अभंग कुठं राहिला याचा पत्ता नसतो. मग मागं टाळ घेऊन उभा असलेला मी ध्रुपद, म्हणजे अभंगाची फिरून फिरून म्हणायची ओळ, उचलतो. बाकीचे टाळकरी ती उंच नेतात आणि तेवढ्यात बुवा घाम पुसून परत रस्त्याला लागतात. शहाण्णव साली याला बावीस वर्षं झाली होती; अजूनही हेच चाललंय. बुवांना वाटतं, कीर्तनाला रंग चढावा म्हणून सहादू मधेच गातो. वाटू द्यावं.

त्यांची सायली त्या साली नगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होती. सवय बापाचीच, फक्त तिच्यामागं टाळकरी नव्हते. वर्गापुढं बोलताना दोनदा मधेच गप्प झाली होती. आता शनिवारी शेवटचं सेमिनार. ते नीट झालं तरच पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी शिफारसपत्र देईन, असं सरांनी सांगितलेलं.

गुरुवारी सकाळी तिनं बुवांना आणि मला घरच्या ओट्यावर बसवून तालीम केली. माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर म्हणे एक जनुक असतं. पेशीला उष्णतेचा तडाखा बसला की ते जागं होतं आणि त्याच्या हुकमानं एक प्रथिन भराभर तयार होतं. बाकीची प्रथिनं लांब दोऱ्यासारखी. नीट घडी पडली तरच कामाची. उष्णतेनं घडी विसकटते, दोरे एकमेकांत गुंततात. हे प्रथिन उघड्या पडलेल्या जागेला धरून ठेवतं, गुंता होऊ देत नाही, घडी पडायला सवड देतं.

"म्हंजी त्याला सोताचं काय कामच न्हाई," बुवा म्हणाले. "फुकट फौजदार."

"अण्णा, जपून बोला. बावीस वर्षं तुमच्या मागं उभं आहे ते," सायली माझ्याकडं बघत म्हणाली.

मला हसू आवरेना. हा का हसतोय, ते बुवांना काही कळलं नाही.

संध्याकाळी एकादशीच्या कीर्तनात बुवांनी तोच दृष्टांत घेतला. जनुकापासून निघाले, प्रथिनाला नमस्कार केला, तिथून गरुडावर बसले आणि गरुड काही खाली उतरेना. मी ध्रुपद उचललं. बायकांत बसलेली सायली ओढणी तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी शेजारची बायडाबाई तिला विचारायला आली, हे प्रथिन हुलग्यात जास्त का मटकीत.

शनिवारी बुवांना श्रीरामपूरला कीर्तन होतं, म्हणून सकाळच्या एसटीनं सायलीबरोबर मी गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. पोरं माझ्या टोपीकडं वळून वळून बघत होती.

पोरगी झकास बोलत होती. उष्णतेनं घडी विसकटते, इथपर्यंत आली आणि थांबली. थांबलीच. सरांनी घड्याळाकडं पाहिलं.

तिथं टाळ कुठून आणणार, आणि गायची तर सोयच नव्हती. मी दोन बोटांनी बाकावर ठेका धरला, अगदी हळू. ध्रुपद उचलायच्या आधी धरतो, तोच. सायलीनं मान वर केली. श्वास घेतला आणि "हे प्रथिन उघड्या पडलेल्या जागेला धरून ठेवतं" इथून जी निघाली, ती थेट शेवटाला जाऊन थांबली.

पुढचं तिनं नंतर सांगितलं. सरांनी विचारलं होतं, घडी पूर्ण झाल्यावर या मदतनीसाचं काय होतं?

"सुटतं, सर. आणि दुसरीकडं कुठं घडी विसकटली असेल, तिकडं जातं," ती म्हणाली. म्हणताना तिनं शेवटच्या बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता. मला श्रीरामपूरची गाडी गाठायची होती.

पत्र मिळालं. पुढच्या एकादशीला बुवांनी भर कीर्तनात ते सांगितलं. कुणाच्या आधाराशिवाय मिळवलं माझ्या पोरीनं, म्हणाले, डोळे पुसले, आणि पुन्हा गरुडावर चढले.

मी टाळ सावरले.