धाकट्या मशीनची पिशवी

पिशवीआत्याचा एक नियम होता आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला, कुणी विचारो न विचारो, ऐकवायचीच. "मी शिवलेलं उसवत नाही." यात अर्धी फुशारकी होती, पण अर्धं खरंही होतं. बॅगांच्या कारखान्यात चेनी लावण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलंच एक जुनं शिलाई मशीन तिने घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं आणि मुलांच्या सामानासाठी कापडात जे जे शिवता येईल ते ते शिवायला घेतलं. पेन्सिलींचे पाउच, बाटल्यांची कव्हरं, बुटांच्या पिशव्या, चष्म्यांच्या केसेस. गल्लीतल्या एका कार्ट्याला तर तिने शंखशिंपले ठेवायला खणांचा बटवा शिवून दिला होता. गल्लीतली सगळी पोरं तिला पिशवीआत्या म्हणायची, आणि हळूहळू पोरांचे आईबापही तेच म्हणायला लागले.

कापड बेतायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम भावजयीकडे. आत्या गिऱ्हाइकाशी बोलली की गिऱ्हाईक परत येत नाही, असा घरचा अनुभव होता.

भिंगरी ही या भावजयीची लेक, वय वर्षं चार. पायाला चाकं लावलेली पोर, म्हणून भिंगरी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. हे घरच्यांच्या लक्षात यायलाच उशीर झाला, कारण पोर अशी चलाख की माणसाच्या तोंडाकडे बघून अर्धं काम ओळखायची. दिवसभर हुंदडून झालं की ती शिलाई मशीनपाशी यायची आणि फळीला गाल टेकवून बसायची. आत्याने मशीन चालवलं की फळी थरथरायची, तिचा गाल थरथरायचा आणि पोर डोळे मिटून घ्यायची. आत्या कितीही घाईत असली तरी तिला तिथून उठवायची नाही.

मग तिच्यासाठी कानाचं मशीन आलं. काड्यापेटीहून जरा मोठी डबी छातीवर अडकवायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानात. भावजय म्हणाली, "घ्या, आता घरात दोन मशीनं झाली, थोरलं आणि धाकटं." तीच नावं पडली.

कानाच्या बाईंनी, म्हणजे ज्या दवाखान्यात मुलांचे कान तपासायच्या त्या बाईंनी, नीट समजावून सांगितलं होतं. धाकटं मशीन दिवसभर अंगावर राहिलं तर पोरीला आवाजांची ओळख होईल, पुढे बोलणंही येईल. जवळची बालवाडी तिला घ्यायला तयार होती, फक्त मशीन लावून येऊ दे म्हणाली. नाही जमलं, तर लांबच्या गावात न ऐकणाऱ्या मुलांची शाळा होती. तिथे हातांनी बोलायला शिकवत. भाऊ जाऊन बघून आला होता. शाळा उत्तम होती, पण मुलांनी राहायचंही तिथेच, घरी यायचं ते सुट्टीत. बालवाडी उघडायच्या आत काय ते कळवा, तोवर तिची जागा ठेवतो, असं त्या लांबच्या शाळेने सांगितलं होतं.

"शाळा चांगली आहे ना, मग झालं," भाऊ म्हणायचा. पण म्हणताना तो कुणाकडे बघायचा नाही. आत्याला मात्र ते पटायचं नाही. चार वर्षांचं लेकरू, रात्री दचकून उठलं तर कुणाच्या गळ्यात पडणार?

आणि इकडे ही बया मशीन अंगावर टिकू देईल तर शपथ! चिमट्याने फ्रॉकला अडकवलं की ती ओढून काढायची आणि लपवून ठेवायची. एकदा ते बुटात सापडलं, एकदा पिठाच्या डब्यात. एकदा सगळं घर पालथं घातलं आणि ते निघालं आत्याच्याच चिंध्यांच्या पोत्यातून.

"त्या चिमट्यात काय जीव आहे!" आत्या म्हणाली. "पोरीला मिरवावंसं वाटेल असं काहीतरी हवं. आणा इकडे. मी शिवते पिशवी."

आणि शिवली की! वर चमचमती टिकल्यांची नक्षी, आत गुळगुळीत सॅटिनचं अस्तर, कडेने गोट, वर चेन, गळ्यात घालायला गोफ. भावजय बघतच राहिली.

"ताई, नाकापेक्षा मोती जड झाला हो."

"असू दे. हौसेला मोल नसतं."

भिंगरी ती पिशवी बघून नाचली. गळ्यात घालून आरशासमोर गिरक्या घेतल्या. मग आईने आतलं मशीन चालू केलं. पोर दोन पावलं चालली, तिचा चेहरा पिळवटला, आणि पिशवी जी भिरकावली ती थेट कपाटावर.

आत्या हटली नाही. दुसरी पिशवी तिने फोम घालून गुबगुबीत केली. तिचीही तीच गत. तिसरीला नायलॉनचा पट्टा लावून मागे पाठीवर असा बंद केला की पोरीचा हात पोचू नये. त्या दिवशी भिंगरी अशी रडली, की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. "हट्टी आहे नुसती!" आत्या त्यांच्यासमोर म्हणाली. भावजयीने तो पट्टा सोडवला आणि लेकीला उराशी धरून आत निघून गेली.

"त्या मशीनमध्येच काहीतरी खोट आहे," आत्या भावाला म्हणाली.

"नाचता येईना..." भाऊ पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, ताई."

दवाखान्यात जायच्या दिवशी आत्या हट्टाने बरोबर गेली. बाईंना चांगलं सुनवायचं, असं तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टिकल्यांची पिशवी हातात घेतली, आत धाकटं मशीन ठेवलं आणि वायरच्या टोकाला डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी जोडून आत्यापुढे धरली.

"ही कानात घाला. आता भिंगरी चालते तशी पिशवी हलवा."

आत्याने पिशवी जराशी हलवली आणि दचकून नळी ओढून काढली. कानात कुणी सुक्या पाचोळ्याचं पोतं फरफटत नेल्यासारखा आवाज! तिने पुन्हा घातली. टिकल्या करकरत होत्या, चेन खुळखुळत होती, आणि ते गुळगुळीत अस्तर, जे तिने एवढ्या मायेने लावलं होतं, ते सगळ्यांत जास्त खरखरत होतं. या गदारोळात बाई समोरून काहीतरी म्हणाल्या, ते ऐकूसुद्धा आलं नाही.

"सगळ्यांचंच होतं असं," बाई म्हणाल्या. "आम्हीच आधी सांगायला हवं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं कापड घ्या. मशीन जिथून आवाज घेतं तिथे भोक ठेवून जाळी लावा. बाकी काही नको."

घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता आत्याला रडूच फुटलं.

"हट्टी म्हणाले गं मी तिला. अख्ख्या गल्लीसमोर हट्टी म्हणाले! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आणि वर तो पट्टा बांधला."

"ताई, आता पुरे," भावजय म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "मऊ कापड म्हणाल्या ना त्या? थांबा."

तिने कपाटाच्या तळातून भिंगरीचं तान्हेपणीचं दुपटं काढलं. पिवळ्या बदकांचं. धुऊन धुऊन इतकं विरलं होतं की हातात घेतलं तरी कळू नये. बहुतेक जागी जाळी झालेली, धड अशी फक्त मधली एक पट्टी. आत्याने ती कानाशी धरून चोळली. काही म्हणजे काही आवाज नाही.

आता ज्यांनी पिशवी शिवली आहे त्यांना हे ठाऊक असतं. लांब पट्टी मधोमध दुमडली की तळाला शिवण येत नाही आणि पिशवी मऊ राहते. पण छापातली चित्रं सगळी एकाच दिशेला तोंड करून असली, तर दुमडल्यावर एका बाजूची सुलटी राहतात आणि दुसऱ्या बाजूची डोक्यावर उभी राहतात. म्हणून सुलटी बाजू पुढे घ्यायची, उलटी मागे. हे पिशवीच्या धंद्यातलं ग म भ न. आत्याने आजवर अशा किती पिशव्या शिवल्या असतील, मोजदाद नाही. पण त्या दिवशी हाताला घाई, डोळ्याला पाणी. तिने एका बदकाच्या बाजूला भोक कापलं, जाळी बसवली, कडा मारल्या, नाडी ओवली आणि शिवण आत जाईल अशी पिशवी उलटवून भावजयीपुढे धरली.

भावजय बघते तर पुढचं बदक डोकं खाली, पाय वर.

"ताई..." तिने पदर तोंडाशी नेला. "अहो, हे बदक शीर्षासन करतंय!"

आत्याने पाहिलं. तिचा चेहरा असा पडला की भावजयीचं हसू जागच्या जागी विरलं. बाजू बदलावी तर जाळीचं भोक पडून गेलेलं, नवी करावी तर कापड नाही. आत्याने बारकी कात्री उचलली. आपला नियम मोडून ती स्वतःची शिवण उसवणार होती, आणि उसवून करणार काय, तेही तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी आली. दुपटं तिने लगेच ओळखलं. आत्याच्या हातातून पिशवी ओढली, गालावर फिरवली, आणि स्वतःच गळ्यात घातली. मग हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं आणि खुदकन हसली. बोट बदकाच्या चोचीवर ठेवलं, मग पायांवर.

भावजय लेकीच्या मागे गुडघ्यावर बसली, तिच्या खांद्यावरून वाकून खाली पाहिलं आणि ओरडली, "अहो ताई, इकडे या! इथून बघा. तिच्या बाजूने!"

आत्या गुडघे धरत खाली बसली. पोरीच्या खांद्यावरून बदक अगदी सुलटं दिसत होतं, मान वर करून भिंगरीच्या तोंडाकडे बघणारं.

आत्याने कात्री ठेवून दिली. धाकटं मशीन पिशवीत गेलं. आईने ते चालू केलं. भिंगरीने कान जरा चोळला, बदकावर हात ठेवला आणि खेळायला पळाली.

त्या दिवशी पिशवी निघाली ती झोपतानाच. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर पोरीने ती आपण होऊन मागितली. घरात आनंदीआनंद! पण ऐकण्याच्या नावाने शिमगा. हाक मारा, टाळ्या वाजवा, ताट आपटा, भिंगरी आपल्याच नादात. कानाच्या बाई म्हणाल्या होत्या की वेळ लागतो. पण वेळच तर नव्हता. बालवाडी उघडायला आली होती आणि लांबच्या शाळेला उत्तर द्यायचं होतं.

"लावून फिरते हे खरं," भाऊ म्हणाला, "पण तिला त्याचा उपयोग होतोय का, ताई? तिथे निदान हातांनी बोलणारी पोरं भेटतील. उगाच आपल्या मायेपायी अडकवून ठेवायचं?" तो चुकीचं बोलत नव्हता, हे आत्यालाही कळत होतं.

इतके दिवस आत्याने थोरलं मशीन बंद ठेवलं होतं. त्याच्या खडखडाटाने पोर बिथरली आणि पिशवी फेकून दिली तर? त्यामुळे बाटल्यांची कव्हरं कापून नुसती पडली होती आणि गिऱ्हाइकं दाराशी खेटे घालत होती. शेवटी एका सकाळी भावजय म्हणाली, "ताई, आता शिवा. मुलांनी काय बाटल्या उघड्या न्यायच्या?"

भिंगरी पार दाराशी, पाठमोरी, रिकाम्या रिळांची रास करत बसली होती. आत्याने कव्हर सुईखाली सरकवलं, जीव मुठीत धरला आणि पाय दाबला.

मशीन खडखडलं. भिंगरीचा हात रिळासकट हवेत थांबला. आणि तिने वळून पाहिलं.

आत्याने घाबरून पाय काढला. पोर उठली, सावकाश मशीनपाशी आली, नेहमीसारखा फळीला गाल टेकवला आणि आत्याच्या गुडघ्यावर चापट मारली. चालव. आत्याने चालवलं. भिंगरीने गाल उचलला. गाल उचलला की थरथर संपते, हे तिला जन्मापासून माहीत होतं. पण आज कानात काहीतरी उरलं होतं. तिने गाल टेकवला, पुन्हा उचलला. कानाला हात लावला. मग पळत दाराशी गेली, मुद्दाम पाठ करून उभी राहिली आणि वाट बघू लागली.

आत्याने पाय दाबला. भिंगरीने हात वर केला. आत्या थांबली. हात खाली. पुन्हा दाबला, हात वर. एकदाही चूक नाही. भावजय भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. भाऊ हातात फोन घेऊन दारात आला होता, फोन लांबच्या शाळेत लागलाही होता आणि पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"ट," भिंगरी म्हणाली. "ट ट ट ट."

भावाने फोन कानाला लावला. "तुमचे उपकार आहेत," तो म्हणाला, "पण ती जागा तुम्ही दुसऱ्या मुलाला द्या. आमची इथेच राहते आहे." मग तो तिथेच उंबऱ्यावर लेकीशेजारी बसला.

आत्या मशीन चालवतच राहिली. थांबून चालव, चालवून थांब. सुईखाली काय चाललंय इकडे तिचं लक्षच नव्हतं. भावजयीने डोळे पुसले आणि जवळ येऊन बघितलं. बाटलीच्या कव्हराचं तोंड शिवून बंद झालं होतं, त्यावर आणखी शिवण, आणि तिच्यावर आणखी एक.

"ताई, हे सगळं उसवावं लागणार."

"उसवू की," आत्या म्हणाली. "घाई काय आहे? आधी तिचं मन भरू दे."