दुर्गाबाईंच्या सर्टिफिकेटचा हिशेब

धारच्या त्या गल्लीत मिक्सर बंद पडला की आधी दुर्गाबाईंना हाक जाते, दुकान मग आठवतं. हाटपिपल्याला, माहेरी, थोरल्या भावाच्या विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून बाई शिकल्या. हात असा बसलेला की पंख्याचा नुसता आवाज ऐकून सांगतील, कंडेन्सर गेलाय. पण मेहनताना काय? तर ओटी! संस्कृतच्या गुरुजींची बायको, तिच्या हातावर पैसे कसे ठेवायचे, म्हणून मराठी घरांतून ब्लाउजपीस, नारळ आणि मूठभर तांदूळ. साठेक ब्लाउजपीस पेटीत पडून आहेत आणि एकाचाही रंग धड नाही.

गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान, नीलकंठराव. बायकोच्या हुशारीचा त्यांना कोण अभिमान! शाळेत पंखा किरकिरला तरी हे सांगणार, "आमच्या घरी विचारा."

तर झालं असं, की मुलींच्या एका नव्या वसतिगृहात वायरिंग सांभाळायला बाई हवी होती. महिना अकरा हजार, पण इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट पाहिजे. कोर्स देवासला, जुलैपासून सहा महिने, राहायचं तिथेच. फी भरायची शेवटची तारीख सोमवार. दुर्गाबाईंनी फॉर्म आणला, भरला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"हिशेब तुम्ही करा. पोस्टातल्या साठ हजारांत बसलं तर जाईन. कर्ज काढून मला काही शिकायचं नाही."

हिशेब म्हटला की नीलकंठरावांच्या अंगात येतं. तीन संध्याकाळी ते कागद घेऊन बसले. रविवारी चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"ब्याऐंशी हजार होतात," ते म्हणाले. "नाही बसत, बाई."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या.

बस, एवढंच. भांडी आपटली नाहीत, टोमणा मारला नाही. फॉर्मची घडी घातली आणि मेथी निवडायला घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं नीलकंठरावांना वाटलं. त्यांना आतून हायसं वाटत होतं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटत होती.

त्यांची लेक चिऊ बी.कॉमला. तिने कागद ओढला.

"बाबा, इतना टोटल कसा आला? फी बावीस, राहणं-जेवण तीस, अवजारं आणि पुस्तकं चार. हे तर छप्पनच झाले नां! आणि ये क्या है, प्रवास, बावन्न खेपा? आई बावन्न वेळा जाणार?"

नीलकंठराव पंख्याकडे बघू लागले.

"दर बुधवारी आणि दर रविवारी," ते पुटपुटले.

"कोण?"

"मी."

चिऊ खो खो हसत सुटली. "बाबा! इंदूरला बस बदलून आठवड्यातून दोनदा? कंडक्टर ओळखीचा होऊन तुम्हाला 'भिया' म्हणायला लागेल!"

दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसून कागद घेतला. जाऊन-येऊन चारशे, गुणिले बावन्न. त्याखाली त्याच वळणदार अक्षरात आणखी एक ओळ: तिच्यासाठी तळलेले गराडू, दर खेपेस शंभर.

"अहो, गराडूचे कंद फक्त थंडीत मिळतात," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "राहू दे. तुम्हांला माझ्यावाचून करमायचं नाही. नाही जात मी."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. डाव नीलकंठरावांच्या बाजूने लागला होता, आणि वर बायकोची मायाही मिळाली होती. पण मांडीवर फॉर्मची घडी ठेवून ती मेथीची पानं खुडत बसली, एकही पान न बघता, आणि ते त्यांना बघवेना.

"लबाडी केली गं मी," ते म्हणाले. "छप्पन हजारांत तुझं सगळं बसतं. वरचे सव्वीस माझे आहेत. तू चार दिवस माहेरी गेलीस तरी मला घर खायला उठतं. तो खर्च मी तुझ्या नावावर टाकला." मग त्यांनी विचारलं, "तुला इथे करमलं का गं? सत्तावीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही."

"आता करमतं की," दुर्गाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा नव्हतं करमत. रोज मोरीत नळ सोडून रडायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

चिऊचं हसू थांबलं.

"किती दिवस?" नीलकंठरावांनी विचारलं.

"करमायला सहा महिने लागले असतील."

त्या सहा महिन्यांत आपण काय करत होतो, ते नीलकंठरावांना आठवेना. त्यांनी पेन उचललं आणि बावन्न खेपांची ओळ खोडली.

"मलाही तेवढेच लागतील," ते म्हणाले. "तू जा."