विणलेल्या रुमालाखालून

“ऐकलंस का? म्हातारीने म्हणे जाता जाता त्या कॉम्प्युटरचं तोंडच बंद करून टाकलं! आणि का, ठाऊक आहे? कारण सुनेने तिला...”

एवढ्यात फाटक करकरलं आणि शेजारच्या क्विंटरमावशींनी जीभ आवरली. डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन सूनच अंगणात आली होती.

पुढचं मलाही ऐकू आलं नाही. आणि ज्याच्या तोंडाची ही गोष्ट, तो कॉम्प्युटर मीच. खिडकीजवळच्या टेबलावरून, पांढऱ्या क्रोशाच्या रुमालाखालून बोलतोय. बोलतोय कसला, आतल्या आत तडफडतोय. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटते, आणि तिथेच माझं गाडं अडतं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. शहाणपण आलं ते नैरोबीच्या एका कचेरीत. तिथल्या माणसाने मला एक सवय लावली. जाग आली की आधी कोणी पेनड्राइव्ह खुपसलाय का ते बघायचं, मगच आपल्या डोक्यात शिरायचं. पुढे कचेरीला माझा कंटाळा आला. घोंगडीत गुंडाळून, बसच्या टपावरून मी या सरोवराकाठच्या गावात आलो, न्यारसेमेच्या घरी. ती सेमे भागातली, आणि न्यार म्हणजे लेक, म्हणून सासरी सगळे तिला न्यारसेमेच म्हणतात. पाळण्यातलं नाव कोणाला आठवत असेल, शंकाच आहे.

या घरात पाहुणा येणार म्हटलं की आधी रुमाल, मग चहा. सोफ्याच्या पाठीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, पाण्याच्या माठावर रुमाल. सगळे तिच्या सासूच्या, दोर्का दानींच्या हातचे. दानी म्हणजे आजी. त्या अख्ख्या गावाच्याच दानी होत्या. सुरुवातीला त्या माझ्यासमोरून जाताना हळूच मान लववायच्या, आत कोणीतरी मोठा माणूस बसलाय अशा थाटात. मग न्यारसेमेने त्यांना शिकवलं, हे असं खुपसायचं, इथे टिचकी मारायची, की दानी स्वतः ज्यात गायच्या त्या चर्चच्या गायनमंडळाची गाणी लागतात. झालं! दानींनी माझा पिच्छाच पुरवला. गाणी संपली की खुपसलेलं काढून घ्यायच्या, मग अंगठ्याने बटण दाबून धरायच्या, मी बेशुद्ध पडेपर्यंत. “झोप रे बाबा,” म्हणायच्या, आणि अंगावर रुमाल.

त्या आठवड्यात त्यांची छाती दुखायला लागली. मोटारसायकलवर बसून दवाखान्यात निघाल्या तेव्हाही आधी आत आल्या, बटण दाबलं, रुमाल नीट केला. परत आल्याच नाहीत.

आता उद्या दफन. शवपेटीच्या पुढे मोठा फोटो धरून नातीने चालायचं. दानींचा हसरा फोटो फक्त माझ्यापाशी आहे. ज्या मोबाइलवर काढला, तो बसथांब्यावर चोरीला गेला. दुसरा आहे ओळखपत्रावरचा. त्यात दानी अशा बघतात, की जणू कोणी त्यांची कोंबडी पळवली आहे. त्या स्वतःच म्हणायच्या, “हा लावू नका गं माझ्यामागे. लोकांना वाटेल, रागावून गेली.”

आणि गावात कुजबुज तर तीच चालली होती. न्यारसेमेला ते कळत नव्हतं असं नाही. ती पाहुण्यांसाठी पाणी भरत राहिली, एवढंच.

दुपारी धाकटा दीर ओपोंडो आला. तो शहरात मोबाइलची कव्हरं विकतो, म्हणून स्वतःला यंत्रांचा डॉक्टर समजतो. त्याने वायर या भोकातून त्या भोकात घातली, माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या, डोळे मिटून प्रार्थनाही केली. मग रुमालाला हात घातला.

“भाऊजी, रुमाल राहू द्या,” न्यारसेमे म्हणाली. “मांच्या हातचा शेवटचा आहे. त्यांनीच घातलेला. दफन होईपर्यंत तरी नका काढू.”

त्याने पुढची झालर तेवढी उचलली, पडद्यावरची ओळ वाचल्यासारखं केलं आणि निकाल दिला. “वहिनी, याचं डोकं फिरलंय. सगळं पुसून नव्याने भरतो.”

“आणि फोटो?”

“तोही पुसला जाईल. ओळखपत्रावरचा आहे की!”

“त्यात मां चिडलेल्या दिसतात.”

“म्हातारी माणसं चिडकीच असतात. आणि त्या हसऱ्यात खालचे सहा दात नाहीत ते दिसतं. शहरातून माणसं येणार आहेत, वहिनी.”

“त्या काळी आपल्यात वयात येताना सगळ्यांचेच ते सहा दात काढायचे, रीतच होती. तुमच्या शहरातल्या माणसांच्या आज्यांचेही काढलेत, विचारा हवं तर!”

ओपोंडो हसला, पण ऐकेना. छपाईवाला दुकान बंद करायच्या आत काहीतरी द्यायला हवं, म्हणून पुसायचं सामान आणायला तो मोटारसायकलकडे गेला. माझा पंखा घरघरत होता. माझ्या पाठीत टोचतंय ते काढा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण पडद्यावर तीच ती ओळ उमटत होती.

तेवढ्यात क्विंटरमावशी सुक्या मासळीचा टोप घेऊन आल्या. टोप ठेवला, डोळे पुसले, आणि नजर गेली ती थेट रुमालावर.

“अगंबाई! ही कडेची वीण मला कधी दाखवली नाही हो दानींनी! शेवटपर्यंत लपवून ठेवली बघ!”

न्यारसेमे नको नको म्हणेपर्यंत मावशींनी मागची कड उचलून नाकाशी धरली होती. वीण राहिली बाजूला. “आणि हे काय गं शेपटासारखं?”

निळ्या मण्याच्या दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह. न्यारसेमेने मणी लगेच ओळखला. तो मणी दानींचा होता.

“हात लावू नका, मावशी!” दारातून ओपोंडो ओरडला. “आतलं सगळं जळेल!”

“जळू दे, काढलाही मी,” मावशी म्हणाल्या.

ओपोंडोने फुरंगटून बटण दाबलं. मी सवयीप्रमाणे आधी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. मग आपल्या डोक्यात शिरलो, आणि पडद्यावर उजेड झाला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून मी पाहिलं. इथल्या रीतीप्रमाणे अंगणातच दफनाचा खड्डा खणला होता, आणि त्याच्याकडे चालणाऱ्या नातीच्या हातात दानी तोंड भरून हसत होत्या. रडणाऱ्या बायका फोटो पाहून मध्येच हसायच्या आणि पुन्हा जास्तच रडायच्या. ओपोंडो शहरातल्या पाहुण्यांना बोट दाखवून सांगत होता, “हा फोटो मी वाचवला.”

चहाच्या वेळी क्विंटरमावशी मोठ्याने म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं? दानींनीच बंद केला होता तो!”

“म्हटलं होतंत खरं,” न्यारसेमेने त्यांच्यापुढे कप धरला. “पण का, ते राहिलं. ‘कारण सुनेने तिला’, एवढ्यावरच फाटक वाजलं होतं, मावशी.”

मावशींनी चहावर फुंकर घातली. मग आणखी एक.

“कारण सुनेने तिला... गाणी लावायला शिकवलं होतं ना. म्हणून.”

आता मी तसा बरा आहे. रुमाल अजून अंगावर आहे, पण न्यारसेमेने मागची बाजू वर दुमडून टाचली आहे. संध्याकाळी ती निळ्या मण्याचा पेनड्राइव्ह लावते. त्या गाण्यांत मागच्या रांगेत एक आवाज आहे, सगळ्यांच्या अर्धा ठोका मागे. तो आला की भांडी घासणारी मुलंही थांबतात.

तुमच्या घरात कोणी असं मुकाट अडून बसलं, तर पुसून टाकायच्या आधी पाठीमागे एकदा हात फिरवून बघा. न्यारसेमे रोज बघते. पण एखाद्या रात्री ऐकता ऐकता तिचा डोळा लागतो, दोरा तसाच माझ्या पाठीला लोंबत राहतो, आणि मी सकाळची धास्ती घेऊन जागा असतो.