जास्तीची ओळ

शैलजा हुपरीकरने निधनवार्तेतला ‘दुःखद’ हा शब्द खोडला, की त्या घरातलं रडणं थांबायचं. निधन दुःखदच असतं, वेगळं सांगायचं कशाला, असं ती नव्या वार्ताहरांना पहिल्याच दिवशी बजावायची. ‘पाण्याचा जलाशय’ यातलं पाणी तिने काढलं, तेव्हा गावाबाहेरचा तलाव सकाळपर्यंत आटला. वाक्य मात्र स्वच्छ झालं.

एकदा एक माणूस थेट तिच्या टेबलापाशी आला. डोळे कोरडे ठणठणीत.

“ताई, आई गेली माझी. रडूच येत नाही. तेवढा शब्द परत द्या की.”

“अंक छापून झालाय,” ती म्हणाली.

चौकटीत न मावणारी शेवटची ओळही कापली जायची. मागे एका बातमीतून ‘आणि जावई’ गळलं. त्या घरात अजून एक ताट जास्तीचं वाढतात. कोणासाठी, ते कोणालाच आठवत नाही.

गुरुवारी दुपारी विट्याहून वहिनीचा फोन आला.

“वन्सं, हे गेले हो. सकाळी. पण मला रडू येत नाहीये.”

“मलाही नाही,” शैलजा म्हणाली.

विट्याच्या वार्ताहराने पाठवलेली बातमी तिच्या पडद्यावर आलेलीच होती. दादाचं नाव, वय, पश्चात पत्नी, मुलगा आणि बहीण. ‘निधन’च्या अलीकडे काहीच नव्हतं. तिने वार्ताहराला फोन लावला.

“ताई, एक चूक काढून दाखवा,” तो खुशीत म्हणाला. “तुम्ही शिकवलंय तसंच लिहिलंय.”

दादा तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा. साखळीचं तेल फ्रॉकला लागायचं, आई दोघांनाही रागवायची. तिला सगळं आठवत होतं. आठवत होतं, एवढंच.

तिने ‘दुःखद’ टाइप केलं. ओळी खाली सरकल्या. ‘आणि बहीण’ चौकटीबाहेर गेलं.

“शैलजाबाई, पान छपाईला सोडा!” मुख्य उपसंपादक दफ्तरदार पलीकडून ओरडले. “जास्तीची ओळ कापा, नाहीतर तो शब्द काढा. निधन काय सुखद असतं होय?”

“नाही सर,” ती म्हणाली आणि ओळ कापली.

पान गेलं. मग साखळी, तेल, दांडी सगळं एकदम वर आलं आणि तिला मोठ्याने हुंदका फुटला.

दफ्तरदारांनी मान वर केली. एकेका टेबलावरून नजर फिरवली. शैलजाच्या खुर्चीवर ती नजर क्षणभरही थांबली नाही.

“कोण रडतंय रे इथे?”