गाळलेले आवाज

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ताई घरातून बाहेर पडली. वेळ नक्की आहे. जिन्यातल्या कॅमेऱ्यात ती दिसते. बाहेर जायची पँट, राखाडी स्वेटर, पायात बूट, हातात मोठी बॅटरी. कठडा न धरता ती दोन मजले उतरते. मग चौकट रिकामी राहते.

ताईचं वय एकाहत्तर. दोन वर्षांपासून तिला विसरण्याचा आजार आहे. मी तिची धाकटी बहीण, शेजारच्या खोलीत झोपते. रात्री दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवायची, हे माझं काम. काल ती ठेवली होती का, हे मला सांगता येत नाही. सकाळी किल्ली दारालाच होती.

सात वाजता चहा घेऊन गेले तर पलंग रिकामा. अंथरुणाची घडी घातलेली. टेबलावर कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाची एकोणीस पानं होती. मीच काल संध्याकाळी तिला ती वाचायला दिली होती. प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. शेवटच्या पानाखाली तिचं अक्षर, पूर्वीसारखं टपोरं: ‘असं नाही. बघून सांगते.’

मी चहाचा कप खाली ठेवला आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भाच्याला हाक मारली. तो ताईचा एकुलता एक मुलगा. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने पान वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं.

“काय बघून सांगते? कुठे?”

“पंपघर,” मी म्हटलं. “शेवटचं प्रकरण तिथे घडतं.”

कादंबरीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी ताईने रेडिओसाठी तेरा भागांचं विज्ञाननाटक लिहिलं होतं, ‘तळ क्रमांक नऊ’. दूरच्या एका ग्रहावर जमिनीखाली माणसांचा तळ आहे. वर हवा विषारी. ती श्वास घेण्याजोगी झाली का, हे पाहायला एकेक जण वर जातो आणि परत येत नाही. शेवटी संदेशयंत्रावर बसणारी बाई एकटी उरते. तेराव्या भागात तीही शिडी चढते. लोखंडी पायऱ्यांवर पावलं वाजतात, झाकण उघडतं, मग आठ सेकंद काहीच नाही. त्यानंतर निवेदिका नाटक संपल्याचं सांगते. तिचं पुढे काय झालं, असं विचारणारी पत्रं पोत्याने आली. ताईचं सगळ्यांना एकच उत्तर होतं: ‘तुम्हाला ऐकू आलं तेवढंच मलाही ऐकू आलं.’

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने त्या नाटकाची कादंबरी मागितली. नाव ताईचं, हात माझा, असं ठरलं. मी अठ्ठावीस वर्षं एका दैनिकाच्या शहर पानावर काम केलं आहे. संहिता हरवलेली होती, पण सगळ्या भागांचं ध्वनिमुद्रण होतं. ते ऐकत मी संवाद टंकले. आवाज गाळले. पावलं, वारा, घरघर, टपटप हे कागदावर वाजत नाही, मग टंकून काय उपयोग, असा माझा हिशेब. रेडिओवर पात्रांना दिसेल ते बोलून दाखवावं लागतं, ‘बाप रे, केवढं हे दार!’ वगैरे. तेही कापलं. त्या जागी वर्णन हवं, म्हणून मी स्वतः पाहिलेल्या वस्तू घातल्या. घरामागचं पाणीखात्याचं जुनं पंपघर मला पाठ आहे: हिरवं दार, पाण्याच्या झडपांची तीन चाकं, आत ओल. बाई वर येते तेव्हा अशाच एका इमारतीत येते, असं मी लिहिलं.

खरं तर मला ते लिहायचं नव्हतं. पण प्रकाशक म्हणाले, “बाई, वाचकाच्या हातात आठ सेकंदांचं कोरं पान कसं ठेवू? ती वर जाते म्हणजे कुठे जाते, ते दाखवा.”

मग मी ताईला रोज सकाळी विचारायला लागले. वर गेल्यावर तिला काय दिसलं गं? ताई म्हणायची, “थांब हं, आठवते.” आणि दिवसभर आठवत बसायची. जेवताना घास हातात धरून बसायची. अकराव्या दिवशी ती रडली आणि मला म्हणाली, “ती अजून वरच आहे ना? तिला खाली कोणी घेतलं का?” त्या दिवसापासून मी विचारणं थांबवलं आणि माझ्या मनाने प्रकरण लिहून टाकलं.

पावणेआठ वाजता आम्ही पंपघराशी होतो. हिरव्या दाराला कुलूप होतं. रखवालदार म्हणाला, सकाळपासून इथे चिटपाखरू फिरकलेलं नाही. पण मागचं कुंपण एका जागी वाकलेलं होतं, आणि कुंपणामागे गाळ बसवण्याचा हौद. पाणी काळं, काठ निसरडे. भाच्याने पाण्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

मी पोलिसांना फोन केला. सव्वाआठला दोन शिपाई आले, नऊला गळ आणि जाळी आली. साडेदहापर्यंत हौदातून एक टायर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कुत्र्याचा सांगाडा निघाला. जाळी वर येताना जड लागली की भाचा तोंड फिरवायचा. मी मात्र बघत होते. बातमीसाठी असे हौद मी पूर्वी उपसताना पाहिले आहेत.

मध्येच भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, “मावशी, तुझी कादंबरी पूर्ण झाली. माझ्या आईचं काय ते सांग.”

 

पावणेअकराला फौजदारबाई आल्या. चाळिशीच्या, गळ्यात अडकवलेला चष्मा. मी त्यांच्या हातात ती एकोणीस पानं दिली. ठिकाणाचा पुरावा म्हणून दिली. त्यांनी उभ्याउभ्याच दोन-तीन पानं वाचली.

“हे कोणी लिहिलंय? त्यांनी?”

“नाही, मी.”

“आणि रेघा?”

“तिच्या.”

“म्हणजे तुम्ही लिहिलंत पंपघर, आणि त्या म्हणतात, असं नाही.” त्यांनी चष्मा खाली सोडला. “मग त्या पंपघरात कशाला येतील, बाई?”

हा प्रश्न मला पावणेआठलाच पडायला हवा होता. तीन तास आम्ही माझंच प्रकरण शोधत होतो.

“नाटकात काय होतं?” त्यांनी विचारलं. “मूळ?”

“नाटकात जागाच नाही. नुसते आवाज आहेत.”

“ते आवाज आहेत तुमच्याकडे?”

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही तिघं माझ्या टेबलाशी होतो. तेराव्या भागाची शेवटची चार मिनिटं मी लावली. वर्षभरात ती मी निदान वीस वेळा ऐकली असतील, पण संवाद संपला की बंद करायची. या वेळी चालू ठेवली. खडीवरून चालणारी पावलं. बाजूला वाहतं पाणी. लांबून मालगाडी जाते. तिचे डबे एका सांध्यावरून खटखट उड्या घेत जातात. मग पावलं लोखंडावर येतात आणि प्रत्येक पायरीचा घुमारा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, जणू एखाद्या अवाढव्य भांड्याला कोणी बाहेरून टिचक्या मारतंय.

“हे स्टुडिओतलं नाही,” भाचा म्हणाला. “दुसऱ्या ग्रहावर कुठली आलीय मालगाडी?”

तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना ते यंत्र वाटलं असेल. मलाही तेव्हा यंत्रच वाटलं होतं.

त्या नाटकाचे ध्वनिपरिणाम करणारा माणूस हयात आहे. आकाशवाणीत सगळे त्याला खडखड म्हणत. आता वय एक्याऐंशी, उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी फोन लावला आणि ओरडून विचारलं, शेवटच्या भागातल्या पायऱ्या कुठे घेतल्या?

“अहो, हळू बोला, डावा कान धड आहे माझा!” तो म्हणाला. “कागद कारखान्याची टाकी. लगद्याची. तेव्हाच बंद पडली होती. स्टुडिओतली शिडी म्हणजे खेळण्यातली, तुमच्या ताईला पटेना. मला म्हणाली, मला खरोखर चढायचंय. ती पावलं तिचीच आहेत, ठाऊक आहे ना? नटी घाबरली, म्हणून बाईसाहेब स्वतःच चढल्या. आतही शिडी आहे, कितीदा तरी उतरलोय दोघं. तळावरच्या खोलीतली बोलणी पण आत भोंग्यावर वाजवून घेतली, घुमतात ना छान? का हो, पुस्तकात घालताय की काय मला?”

मी त्याला सांगितलं.

“वर झाकण आहे,” तो मग म्हणाला. त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. “बाई, त्या टाकीला एकच तोंड आहे.”

कारखाना आमच्या घरापासून साडेतीन किलोमीटरवर, कालव्याच्या कडेने. दररोज तासभर चालणाऱ्या ताईला अवघड नाही. फौजदारबाईंनी जीपमधूनच अग्निशमन दलाला कळवलं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो. फाटक मोडलेलं. आत खडीचा रस्ता, डावीकडे कालवा, पलीकडे रेल्वेचा रूळ. टाकी तीन मजली उंच, गंजून विटकरी झालेली. बाहेरून उभी शिडी.

शिडीच्या पायथ्याशी ताईचे बूट होते. शेजारीशेजारी ठेवलेले, मोजे आत खोचलेले. रेकॉर्डिंगच्या वेळी बुटांचा आवाज फार जाड येतो म्हणून ती अनवाणी चढली होती, हे खडखडने नंतर सांगितलं. बूट पाहिले तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं, की एवढ्या नीट ठेवलेत म्हणजे ती पडलेली नाही, ती चढली आहे.

ऊन टळटळीत होतं. भाच्याने पहिल्याच पायरीला हात लावला आणि झटकला. मग खिशातला रुमाल एका हाताला, माझी ओढणी दुसऱ्या हाताला गुंडाळून तो चढला. फौजदारबाई खालून म्हणत होत्या, “अहो, थांबा, माणसं येताहेत,” पण त्याने ऐकलं नाही. वर पोचल्यावर तो झाकणावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी ओढू लागला.

“निघत नाही!”

“ठोका!”

त्याने ठोकलं. सगळी टाकी वाजली. “आई! ए आई!” तो ओरडत होता. मग त्याने झाकणाला कान लावला आणि लगेच उचलला, कारण लोखंड तापलं होतं. पुन्हा लावला.

“काही आहे का?” मी खालून विचारलं.

“आहे. काहीतरी आहे.” थोडा वेळ गेला. “नाही, मावशी. माझाच आवाज फिरतोय बहुतेक. कळत नाही मला.”

मी टाकीच्या बुडाशी गेले आणि पत्र्याला तोंड लावून हाक मारली. ताई, मी आहे. तिला उद्देशून दुसरं काय म्हणावं सुचेना. मग एकदम सुचलं आणि मी तेच ओरडले, “ताई, ती खाली आली! सुखरूप आली! तू ये आता!” फौजदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. पत्र्याला टेकलेल्या माझ्या गालावर आता फोड आला आहे.

साडेबाराला अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांच्या प्रमुखाने भाच्याला खाली आणवलं आणि दोघांना वर पाठवलं. त्यांनी झाकणाच्या फटीत पहार घालून पाहिली. वरचा जवान ओरडला, “साहेब, गंजलेलं नाही हे. आतून लावलंय!”

“आतून कसं लागेल?” प्रमुख मला म्हणाला. “टाकीला कोण आतून कडी बसवतं?”

मी खडखडला पुन्हा फोन लावला. तो पहिल्याच घंटीला बोलला. फोन हातात धरूनच बसला असावा.

“मीच बसवली,” तो म्हणाला. “वारा आला की झाकण आपटायचं, ध्वनिमुद्रण खराब व्हायचं. जाड पट्टीची आहे. पहारीने नाही निघायची, सांगा त्यांना.” मग त्याने विचारलं, “किती वाजता गेल्या त्या?”

“सहाला निघाली. चालत सातपर्यंत पोचली असेल.”

“तेव्हा गार असतं आत,” तो म्हणाला. “आम्ही दहाच्या आत बाहेर यायचो. त्यानंतर नाही राहवत.”

प्रमुखाने टाकीच्या बुडाजवळ छिद्र पाडायचं का, याचा विचार केला. पण तिथला पत्रा दुहेरी आहे, आणि ताई तळाशी नेमकी कुठे आहे ते ठाऊक नाही. म्हणून वरूनच, कडीच्या बाजूने कापायचं ठरलं, आणि त्यासाठीचा कटर दुसऱ्या केंद्रातून मागवला. टाकीवर पाण्याचा फवारा सुरू केला, लोखंड निवावं म्हणून. पाणी पडताच पत्र्यावरून वाफ निघाली. एक रुग्णवाहिका खडीवर येऊन उभी राहिली. डॉक्टर उतरल्या आणि भाच्याचे भाजलेले तळहात बघू लागल्या. त्याने हात दिले, पण मान वरच होती.

दीड वाजता एका जवानाने कान लावून ऐकण्याचं यंत्र पत्र्याला चिकटवलं आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. फवारा बंद केला. जीपचं इंजिन बंद केलं. तो दोन मिनिटं ऐकत होता. मग त्याने प्रमुखाला बाजूला नेलं. प्रमुखाने आम्हाला एवढंच सांगितलं, की टपटप असा आवाज येतोय, तो फवाऱ्याच्या पाण्याचा असू शकतो, नसूही शकतो, आणि थांबून ऐकण्यात वेळ घालवणं बरोबर नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी झाकणावर कटर सुरू झाला. पट्टी जाड असेल तर वीस मिनिटं लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. कटर चालू असेपर्यंत आतलं काही ऐकू येणार नाही.

आता दोन वाजून चार मिनिटं झाली आहेत. कटर चालू आहे.